न कापलेली पानं

मित्रांनो, हल्ली मी नुसती टेबलावर पडून असते, पण जन्माने मी फ्रान्समधल्या तिएर या सुऱ्या घडवणाऱ्या गावची सुरी आहे. शिंगाची मूठ, बोथट पातं. माझं काम पुस्तकाची पानं कापायचं. आमच्याकडे तेव्हा नवं पुस्तक कडांना जोडलेल्या पानांचंच यायचं; कापत जायचं आणि वाचत जायचं.

मला घडवलं गिल्बेरबाबांनी. नदीकाठच्या गारठ्यात ते फळीवर पालथे पडून फिरत्या दगडावर पाती घासायचे. ऊब म्हणून त्यांचा कुत्रा त्यांच्या पोटऱ्यांवर बसायचा. मुलगा ओरेल कादंबऱ्या लिहायला पॅरिसला निघाला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या हातात कोंबलं.

"शाईने पोट भरतं का रे, लेका? जा, मर तिकडे! आणि पहिलं पुस्तक मला धाड."

काय गाजलं म्हणून सांगू ते पहिलं पुस्तक! धोबिणी आणि गाडीवान त्यासाठी भांडायचे. त्यातला दारुडा बाप पोराला पट्ट्याने फोडून काढायचा. तोही पालथा पडून पाती घासायचा, त्याच्याही पोटऱ्यांवर कुत्रा होता. खऱ्या गिल्बेरबाबांनी पोरावर कधी बोटही उगारलं नव्हतं हो! शेवटी तोच बाप मुलाला पुरातून वाचवताना मरतो. ती पानं लिहिताना ओरेल ढसाढसा रडला, मी पाहिलंय.

पुस्तक गावी गेलं. उत्तर आलं नाही. ओरेलचं नाव झालं, मोठं घर झालं. "ही माझ्या बाबांनी केलेली," असं सांगून तो मला पाहुण्यांना दाखवायचा. टपाल आलं की आधी तिएरचा शिक्का शोधायचा. गावी जायचं मात्र दर वर्षी राहून जायचं.

मग एक दिवस बहिणीची तार आली. मला खिशात टाकून तो धावला, पण उशीर झाला होता. बाबांना खाटेवर निजवलं होतं. भिंतीवरच्या फळीवर ते पहिलं पुस्तक होतं. पट्ट्याच्या पहिल्या मारापर्यंत पानं कापलेली, पुढची सगळी जोडलेली.

"तुझं पुस्तक वाचून खानावळीत लोक त्यांना बघून भुंकायचे," बहीण लेओंतीन म्हणाली. "'पट्टा कुठंय, म्हातारबा?' म्हणायचे. बाबांनी तिथं जाणंच सोडलं. कुत्रासुद्धा देऊन टाकला."

"अगं, पण शेवट! त्यांनी शेवट वाचला असता तर..."

"तू यायचं होतंस ना सांगायला. तोंड नव्हतं का तुला?"

ओरेलने मला बाहेर काढलं. ज्यांनी मला घडवलं, त्यांच्याच उशाशी बसून मी ती पानं कापली. तो मोठमोठ्याने वाचत होता, मध्येच हुंदके देत होता. बाबांचा चेहरा काही हलला नाही. त्यानंतरही ओरेलने खूप लिहिलं, ते खपलंही. पण त्याच्या पुस्तकात बाप कधी आला नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, गंजू द्या खुशाल. पण आपल्या माणसाला लागेल असं काही लिहिलंत, तर पुढचं त्याच्यापाशी बसून स्वतः वाचून दाखवा. त्याचे कान ऐकत असताना दाखवा.