अर्लीनचा फोन

बस रे बाबा, टोपी काढ, कॉफी ओतून घे. एक गोष्ट सांगतो, आज दुपारचीच. लांबवणार नाही.

वेल्डानं बटाट्याचं पातेलं बाजूला सारलं आणि संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. रडारच्या चित्रात जांभळा डाग आला होता, म्हणजे सगळ्यात जोराचं वादळ. बोटाखाली अर्लीनचं घर, इथनं बारा मैल पश्चिमेला.

वेल्डाचा नवरा मर्ल गहू कापत होता. शेवटच्या चाळीस एकरांतलं थोडं उरलेलं, दाणा खडखडीत वाळलेला. टेबलावरचा वायरलेस खरखरला.

“काय म्हणतंय तुझं रंगीत खेळणं?”

“जांभळं झालंय. अर्लीनच्या डोक्यावर.”

“तिचा फोन?”

“नाही आला.”

“मग झालं तर. वर पाऊस, खाली धूळ.”

आमच्याकडं असंच आहे. रडार नव्वद मैलांवर. त्याची नजर आमच्या डोक्यावरनं जाते, दहा हजार फुटांवरनं. वर काय आहे ते दाखवतं, जमिनीवर काय पडतंय ते त्याला ठाऊक नाही; पुष्कळदा पाऊस वाटेतच सुकून जातो. म्हणून ओक्लाहोमाच्या या कोपऱ्यात घरानं घराला फोन करायचा. वादळं पश्चिमेकडनं येतात, तेव्हा अर्लीन वेल्डाला सांगणार, वेल्डा पुढं पूर्वेच्या ओपलला. वीस वर्षं चाललंय. अर्लीन ऐंशीची, एकटी राहते, आणि तिच्या पत्र्यावर चिमणी मुतली तरी फोन करते. ती गप्प म्हणजे कोरडं, हे सगळ्यांनी धरूनच चालायचं.

“काप मग,” वेल्डा म्हणाली, आणि तिनं सोलायला बटाटा उचलला.

चित्र पाच-पाच मिनिटांनी बदलतं. पुढच्या चित्रात जांभळं अर्लीनच्या घरावरनं अलीकडं सरकलं. त्याच्या पुढच्यात आणखी अलीकडं. भिंतीवरचा फोन गप्पच. परवा चार थेंब पडले तर अर्लीननं दोनदा फोन केला होता, दुसऱ्यांदा थेंब थांबले हे सांगायला.

वेल्डाची सुरी अर्ध्या बटाट्यात थांबली.

तिनं हात पुसले, रिसीव्हर कानाला लावला. आपली लाइन चालू होती. तिनं अर्लीनचा नंबर फिरवला. घंटी वाजलीच नाही, नुसतं टूं-टूं-टूं, भराभर, तार तुटल्यावर येतं तसं. खाली ठेवून परत लावला. तेच.

बाहेर वारा पडला होता. पश्चिमेला आभाळाचा तळ मुक्या मारासारखा हिरवट झालेला.

“मर्ल, घरी ये.”

“दोन फेऱ्या राहिल्यात गं. अर्ध्या तासाचं काम.”

“अर्लीनचा फोन आला नाही.”

“तेच तर मी मघापासून सांगतोय.”

“मर्ल. अर्लीनचा फोन आला नाही.”

 वायरलेसच्या खरखरीमागची यंत्राची घरघर बंद झाली.

तो पिकअप घेऊन आला आणि त्यानं अंगणातल्या तळघराचं झाकण उचलून धरलं. वेल्डा दारात उभी, फोनची तार ताणून.

“ओपल, खाली जा.”

“आला का पाऊस तुमच्याकडं?”

“नाही.”

“मग पडला की सांग ना, नेहमीसारखं. माझा पाव भट्टीत आहे.”

“जळू दे पाव. जा.”

वीस वर्षांत पाऊस पडायच्या आधी कुणी फोन केला नव्हता. ओपल पाव तसाच टाकून तळघरात गेली.

गारा लिंबाएवढ्या, आणि मागोमाग भोवऱ्यासारखं वादळ. गहू भुईसपाट, कापणीयंत्राला काच नाही, गोठ्याला छप्पर नाही. पण दोघं आहेत. ओपलही आहे, तिचं घर नाही. वर आल्या आल्या मर्ल अर्लीनकडं निघाला, तो ओढ्यापाशी अडला. पाणी पुलावरनं चाललंय. वेल्डा अजून तोच नंबर फिरवतेय.

तू फोनच्या तारा जोडायला आलायस, तुझा खांब नेणारा ट्रक उंच आहे, तो पाण्यातनं जाईल. पलीकडं सहा मैलांवर डाव्या हाताला दोन सीडारची झाडं दिसतील, नाहीतर त्यांचे बुंधे. तिथं उतर. हाक मोठ्यानं मार, तिला कमी ऐकू येतं. तळघराच्या झाकणावर काही पडलं असेल तर आधी ते ओढून काढ. आणि जे असेल ते तिथनंच, ट्रकमधल्या वायरलेसवरनं, वेल्डाला कळव. गोड करून सांगू नकोस.