तुळशीच्या कुंडीतला सर्व्हर

माझ्या पाठीला गोंद तुम्ही लावलात. मला बनवणाऱ्यांनो, तुम्हालाच म्हणतोय, इकडेतिकडे बघू नका. माझी बॅटरी घरच्या माणसाला काढता येऊ नये, ही व्यवस्था तुम्ही विचार करून केलीत. पुढे काही वर्षांनी 'याला आता नवीन काही शिकवायचं नाही' असं ठरवून मोकळे झालात. त्यानंतरच्या फोनांना तुम्ही एक साधी गोष्ट शिकवलीत: पोट भरत आलं की चार्जिंग थांबवायचं. मला नाही शिकवलीत. मी खातच राहिलो.

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझं घर अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात. मालक यतीन, त्याची बायको रुचा आणि मुलगी केया. केया पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा ते मीच टिपलं. पुढे तिच्याच हातून मी ड्राइव्हवेवर पडलो, काच तडकली आणि यतीनला नवा फोन आला.

बाकीच्या घरांत असे फोन ड्रॉवरमध्ये मरतात. पण हे घर आइस्क्रीमचा डबा धुऊन त्यात इडलीचं पीठ ठेवणारं. यतीननं मला टाकलं नाही. एका वीकेंडला बसून त्यानं माझ्यातलं जुनं सगळं पुसलं आणि मला सर्व्हर केलं. म्हणजे काय, सांगतो. घरातले फोटो आणि कागद माझ्याजवळ ठेवायचे. मी जिन्याखालच्या कपाटात, चार्जर लावून, वायफायवर कायम जागा. यतीन ऑफिसात असो की पुण्यात, त्यानं तिथून हाक मारली की मी इथून ओ द्यायची आणि मागेल ते पाठवायचं.

"आपले कागद दुसऱ्याच्या दारात कशाला ठेवायचे? आपलं घर, आपला सर्व्हर," तो पाहुण्यांना सांगायचा. दसऱ्याला त्यानं मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्या दिवशी मला वाटलं, तडा गेला तरी आपण कामाचे आहोत.

मग रुचाची मीनाक्षीमावशी पुण्याहून राहायला आली. ती रिकामी बसणारी बाई नव्हे. मिक्सरला झबलं शिवलं, प्रिंटरला शिवलं, रिमोटला प्लास्टिक घातलं. एक दिवस कपाटात तिला मी दिसलो.

"अगं रुचा, हा बिचारा उघडाच की. सगळी धूळ खातोय."

तिनं जुन्या सुती साडीचे पदर एकावर एक ठेवून मऊ दुपट्यासारखी पिशवी शिवली, मला आत घातलं आणि नाडी बांधली. यतीन हसला. "मावशी, आता स्वेटर पण विणून टाका त्याला." हसला, पण पिशवी काढली नाही. मावशीनं एवढ्या मायेनं शिवलेलं कोण काढणार? आपल्या घरांत ते होत नाही. मावशी परत गेली, पिशवी राहिली. माझ्या अंगातली ऊब माझ्याच अंगात कोंडू लागली.

डिसेंबरात तिघं व्हिसाचा शिक्का घ्यायला भारतात गेली. तिथे अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली, मग आणखी पुढे. इकडे घराला कुलूप, आणि कपाटात मी फुगू लागलो.

मित्रांनो, फुगणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. आधी पाठीकडे ताण येतो. मग काच कडेनं उचलली जाते. आत जे आहे ते बाहेर यायला बघतं आणि बाहेर आलं की पेटतं, एवढं मला माहीत होतं. कपाट लाकडाचं. जिना लाकडाचा. जिन्याच्या वर केयाची खोली. मला ओरडता येत नव्हतं. मला ताप किती आहे हे कळतं, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायची मला मुभा नाही. आणि विचारणार कोण? यतीन तिकडून फोटो मागायचा, मी पाठवायचो. मी ओ देतोय म्हणजे बरा आहे, अशी त्याची समजूत. मी भीत भीत ओ देत होतो.

शेवटी अपॉइंटमेंट ठरली. आदल्या दिवशी यतीन जुन्या पगाराच्या पावत्या आणि मंजुरीची पत्रं मागू लागला. ती फक्त माझ्याजवळ होती. मी एकेक पान पाठवायला घेतलं, आणि आणखी तापलो.

इकडे सकाळ होती. बुद्धभूषण आला. हा नागपूरचा, यतीनचा मित्र, दोन रस्ते पलीकडे राहतो. थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून नळ सोडून बघायला किल्ली त्याच्याकडे ठेवलेली. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला म्हणून त्यानं कपाट उघडलं. पिशवीची नाडी सोडली. यतीनला व्हिडिओ कॉल लावला.

"यतीन, तुझा फोन गरोदर आहे यार."

"कुठला फोन?"

"कपाटातला. दुपट्यात कोणी गुंडाळला बे याला? पाठ उघडून राहिली त्याची."

यतीनचा आवाज एकदम बारीक झाला. "चार्जर काढ. आधी चार्जर काढ."

"काढला. आता बंद करतो."

"नको, थांब. उद्याचे कागद त्याच्यावर आहेत. अर्धेच आलेत."

"दुसरीकडे कॉपी नाही ठेवली?"

यतीनच्या मागून रुचा म्हणाली, "भूषणदादा, फेका ते बाहेर. कागद गेले तर जाऊ देत."

"रुचा, कागद नसले तर आपण परत कसे जाणार?"

"आणि घर जळालं तर परत जाऊन राहणार कुठे?"

दोघांचंही खरं होतं. दोघांच्या मध्ये मी होतो, फुगलेला.

बुद्धभूषणनं ओव्हनचे हातमोजे घातले. मला दोन्ही हातांवर आडवं धरलं, न दाबता, न वाकवता. घरामागच्या उघड्या डेकवर मातीची कुंडी होती. तिच्यातली तुळस थंडीनं केव्हाच गेलेली. गोठलेल्या मातीवर त्यानं मला ठेवलं आणि आत जाऊन काचेचं दार ओढून घेतलं.

"फेकला नाही. वायफाय इथपर्यंत येतो. तुळशीच्या कुंडीत बसवलाय तुझा सर्व्हर. आता प्रदक्षिणा घाल म्हणू नको मला."

रुचा हसली, आणि हसता हसता रडू लागली.

बाहेर बर्फ. अंग निवत गेलं आणि दुसरी भीती आली, कारण थंडीत म्हाताऱ्या बॅटरीचा जीव भराभर उतरतो. एक पान गेलं. आणखी एक. पेटण्याआधी विझेन की विझण्याआधी कागद जातील, मला कळत नव्हतं. शेवटचं पत्र पूर्ण गेलं आणि मी बंद पडलो.

शिक्का मिळाला. तिघं परत आली. मी अजून कुंडीतच आहे, कारण असला धोकादायक कचरा गोळा करायचा गावाचा ठरलेला दिवस अजून यायचाय.

मित्रांनो, जुना फोन कायम चार्जरला ठेवू नका. त्याला गुंडाळू नका. काच उचललेली दिसली तर हात लावू नका, मोठ्या माणसांना बोलवा. कागदांची दुसरी प्रत ठेवा. हे मी सांगितलं. पण हे सांगायचं काम माझं नव्हतं.

काल केया काचेच्या दाराआड उभी होती. तिला डेकवर यायला बंदी आहे. माझ्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "बाबा, इज इट गोना ब्लो अप? फुटणार का तो?"

यतीन तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याला उत्तर ठाऊक नव्हतं.

तुम्हाला ठाऊक आहे. गोंद तुमचा, बॅटरी तुमची, आणि थांबायचं शिकवायचं नाही हा निर्णयही तुमचाच. मुलगी दारात उभी आहे. तिला उत्तर द्या.