‘पुरे’ ऐकलं आणि पंप थांबला

मी एक छोटं विमान बोलतोय. हसू नका, पण मला उंचीची भीती वाटते. पूर्वी वाटत नव्हती.

माझे मालक दातांचे डॉक्टर. कारखान्यातून मी थेट त्यांच्याकडेच आलो. सुट्टीच्या दिवशी ते मला पुसून लख्ख करायचे, माझ्याशी गप्पा मारायचे. माझा इंधनाचा काटा मात्र टाकी कायम ‘भरलेली’ दाखवत अडकून बसलेला. “बघू पुढच्या महिन्यात,” म्हणायचे. निघण्याआधी टाकीत पट्टी बुडवून बघायचे, म्हणून निभावून जायचं.

त्या दिवशी त्यांची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे भाऊजी, आले. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती, तोंडचं पाणी पळालेलं. भाऊजी शिडीवर चढून माझ्या पंखातल्या टाकीत नळी धरून उभे, डॉक्टर खाली पंपापाशी. टाकी भरली की भाऊजींनी ‘पुरे’ म्हणून ओरडायचं, असं ठरलेलं.

पण भाऊजींना चेष्टेची भारी हौस. “अगं, वर जाणं सोपं असतं. खाली कसं यायचं ते तुझ्या दादाला विचार!”

“पुरे हं! पुरे!” बहीण किंचाळली.

पंपाच्या घरघरीत डॉक्टरांना तेवढं ‘पुरे’च ऐकू आलं, भाऊजींचा निरोपच ती सांगतेय असं वाटून त्यांनी पंप बंद केला. भाऊजींना वाटलं, डॉक्टरांनी हिशेबानंच थांबवला असेल. त्यांनी झाकण लावलं. बहिणीचा विचार बदलायच्या आत निघावं, म्हणून डॉक्टरांनी पट्टीही बुडवली नाही. माझ्या पोटात जेमतेम घोटभर पडलं होतं. मला ओरडायचं होतं, पण मला कुठे आवाज?

परतीच्या वाटेवर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. ती शांतता आठवली की अजून धडकी भरते.

“दादा, आवाज का गेला?”

“पट्टा घट्ट कर. बोलू नकोस.” डॉक्टर खाली मोकळी जागा शोधू लागले.

खाली घरं, मग विजेच्या तारा, त्यांच्यापलीकडे कापणी झालेलं शेत. मी मोडलो तर मोडलो, पण आत तीन जीव होते. चाकं तारांवरून कशीबशी निसटली आणि मी ढेकळांत आपटलो. पुढचं चाक तुटलं, नाक मातीत घुसलं.

तिघंही चालत बाहेर आले.

“तू ‘पुरे’ म्हणालीस ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“अरे, मी ह्यांना म्हटलं होतं!”

भाऊजी माझं तुटलेलं चाक उचलायला गेले.

आता मी शेडमध्ये आहे. नवं चाक बसलंय, काटाही बदललाय. काल डॉक्टर आत येऊन बसले, किल्ली लावली आणि न फिरवताच उतरून गेले. आधी मला हायसं वाटलं. मग फार एकटं वाटलं.

डॉक्टर, लोकांच्या तोंडात इतकं वाकून बघता, तसं माझ्या टाकीतही बघत जा. मी घाबरलेलाच असेन. तुम्हीही असाल. तरी या.