तिसरा आकडा

अकरा नंबरची मशीन कपाटात होती. तीन महिन्यांपूर्वी चौकशी संपली, तेव्हा कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी चिकटवून देवानंदनेच ती आत ठेवली होती. आणि आता त्याच्यासमोरच्या तक्त्यात अकरा नंबर काल दिवसभर इंटरनेट वापरत होता.

तो उठला, कपाट उघडून पाहिलं. मशीन जागेवर होती. कापडावर धूळ होती. कपाट लावून तो परत खुर्चीत येऊन बसला.

अहेरीतल्या त्या सरकारी कार्यालयात देवानंद चौदा वर्षं कंत्राटी तंत्रज्ञ होता. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायचा, उंदरांनी कुरतडलेली केबल बदलायची, मीटिंगच्या आधी प्रोजेक्टरचा पडदा लावायचा. कार्यालयाचं सगळं इंटरनेट फायरवॉल नावाच्या एका पेटीतून जात असे आणि ती पेटी प्रत्येक येण्याजाण्याची एक ओळ लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहून ठेवत असे. दिवसाला लाखभर ओळी. तारीख, वेळ, कोणत्या मशीनवरून, कुठं, किती माहिती गेली, सगळं एकाला एक चिकटलेलं. त्यातून हवा तेवढाच तुकडा उचलणारा पॅटर्न लिहायला तो स्वतःच शिकला होता. पॅटर्न म्हणजे संगणकाला सांगितलेली खूण: या शब्दानंतरचे आकडे घे, टिंब घे, पुन्हा आकडे घे, बाकीचं सोड. रेग्युलर एक्स्प्रेशन हे त्याचं पूर्ण नाव त्याला लिहिता येई. बोलताना जीभ अडखळे. आधी दोन दिवस डोळे फोडून जे होत नसे, ते आता दहा मिनिटांत होई. आयुष्यात त्याला ज्याचा अभिमान वाटावा अशा फार गोष्टी नव्हत्या. ही एक होती.

उन्हाळ्यात हंगामी पदांची निवड यादी जाहीर व्हायच्या दोन दिवस आधीच लोकांच्या मोबाइलवर फिरली. साहेबांनी देवानंदला बोलावलं. यादीच्या आकाराची एकच फाइल मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर गेली होती, आणि पॅटर्नने मशीनचा नंबर काढून दिला. अकरा. त्या मशीनवर रंजीता बसत असे.

रंजीता गोंडपिपरीकडच्या एका गावची, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. चार वर्षं कंत्राटावर डेटा एन्ट्री करत होती. साहेबांसमोर ती एवढंच म्हणाली की त्या वेळी ती मागच्या व्हरांड्यात डबा खात होती. मग तिनं देवानंदकडं पाहिलं.

"भाऊ, तुमी तरी सांगा."

"लॉगमधी आहे रंजीता. मी काय करू?" देवानंद म्हणाला होता.

तिचं कंत्राट संपवण्यात आलं. मीटिंगमध्ये साहेबांनी सर्वांसमोर देवानंदचं नाव घेतलं. घरी जाऊन त्यानं ते बायकोला सांगितलं होतं.

आता त्यानं पॅटर्ननं काढलेला तक्ता बाजूला केला आणि पेटीनं लिहिलेली मूळ ओळ उघडली. नंबर अकरा नव्हता. एकशे सतरा होता.

पॅटर्नमध्ये, मशीनचा नंबर जिथं येतो त्या शेवटच्या टिंबानंतर, महिरपी कंस होता, त्यात एक, स्वल्पविराम, दोन. म्हणजे कमीत कमी एक आकडा, जास्तीत जास्त दोन. त्यानं तो लिहिला तेव्हा कार्यालयात चाळीस मशीन होत्या. तिसऱ्या आकड्याची गरजच नव्हती. यादी फुटली त्याच्या दोन आठवडे आधी सहा नवे लॅपटॉप आले. त्यांना एकशे बारापासून पुढचे नंबर त्यानंच दिले होते. पॅटर्न मात्र जुनाच राहिला. एकशे सतरामधले पहिले दोन आकडे त्यानं उचलले आणि सात तिथंच सोडला.

त्यानं दोनाचे तीन केले. मग त्या मंगळवारच्या ओळी पुन्हा काढल्या. एक वाजून दहा मिनिटं, एकशे सतरा. अकरा नंबर त्या दिवशी एक वाजता थांबला होता आणि एक चाळीसला पुन्हा सुरू झाला होता. डबा खायला लागतो तेवढा वेळ.

एकशे सतरा नंबरचा लॅपटॉप साहेबांच्या केबिनबाहेर मीटिंगसाठी ठेवलेला असे. त्याला पासवर्ड नव्हता. त्यावर कोणीही बसत असे.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त विषय संपला असं त्यांचं मत होतं. यादी नव्यानं लागली, त्या खुर्चीवर दुसरा माणूस आला, फाइल वर गेली. आता हे उकरलं तर पहिला प्रश्न देवानंदलाच विचारतील, असं ते समजावणीच्या सुरात म्हणाले. देवानंदनं मान हलवली. जागेवर येऊन त्यानं अर्ज लिहिला. टाइप केला नाही, हातानं लिहिला. आवक टेबलावर गुलाब नावाची बाई होती. तिनं वाचला, एकदा त्याच्याकडं पाहिलं, आणि शिक्का मारून नंबर टाकला.

महिन्याभरानं उत्तर आलं. रंजीताविरुद्धचा आधीचा निष्कर्ष मागं घेण्यात आला होता. पद भरलेलं असल्यानं तिला परत घेता येणार नव्हतं. यादी कोणी पाठवली याबद्दल त्यात काही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात देवानंदचं काम एटापल्लीला हलवण्यात आलं. तिकडं मशीन सारख्या बंद पडतात, माणूस लागतो, असं कारण सांगितलं गेलं.

जाण्याआधीच्या रविवारी तो चंद्रपूरच्या बसमध्ये बसला आणि गोंडपिपरीच्या अलीकडं उतरला. तलावाच्या पाळीवरून चालत गावात गेला. रंजीता अंगणात खाटेवर झिंगे वाळत घालत होती. तिनं हात धुतले, पाणी आणून दिलं. बापाला, इस्तारीला, तिनं कोण आलं ते सांगितलं. तो जाळं विणत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

देवानंदनं कागदावर आकडे लिहून तिला चूक समजावली. एकशे सतरा लिहून सातावर बोट ठेवलं. तिला लगेच समजलं.

"मले वाटून राह्यलं होतं का मीच चुकून काही दाबलं असन," ती म्हणाली. "येवढे दिवस मी तेच आठवून राह्यली."

देवानंदनं पाण्याचा गडू उचलला, तो रिकामा होता.

तिनं नोकरीचं विचारलं नाही. उत्तराचा कागद वाचून तो तिनं घडी करून ठेवला आणि त्यात उल्लेख असलेला देवानंदच्या हातचा अर्ज मागितला. त्यानं नक्कल दिली. ती तिनं बापापुढं धरली. पण इस्तारीला वाचता येत नव्हतं. गावात पोरीनं यादी विकली असं बोललं गेल्यापासून तो मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला गेला नव्हता. चेअरमन होता तो, अकरा वर्षं.

"त्यालेच वाचू दे," इस्तारी म्हणाला.

देवानंदनं वाचायला सुरुवात केली. तंत्रज्ञ म्हणून माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे कुमारी रंजीता इस्तारी यांच्यावर चुकीचा ठपका आला, त्यांचा या प्रकरणाशी कोणताही संबंध नाही. आवाज त्याच्या नेहमीच्या आवाजासारखाच होता, जरा खालचा.

इस्तारीनं जाळं खाली ठेवलं.

"मोठ्यानं वाच," तो म्हणाला.

कुंपणापलीकडं शेजारची ताराबाई अंगण झाडत होती. देवानंद उभा राहिला. त्यानं कागद दोन्ही हातांत धरला आणि पहिल्या ओळीपासून, स्वतःच्या नावापासून, पुन्हा वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीपर्यंत पलीकडचं झाडणं थांबलं होतं.