पाय न टेकता

घाटाच्या तिसऱ्या वळणावर ट्रॅक्टरवाल्यानं धम्मशीलाला विचारलं, सायकल बिघडली काय. तिनं मान हलवली. मग पंक्चर झाली काय? तिनं पुन्हा मान हलवली. मग ट्रॉलीत टाका ना बाई, रिकामीच तर आहे, असं म्हणत तो गडी ट्रॅक्टर तिच्याच चालीनं रेटत शेजारून येत राहिला. धूर थेट तिच्या तोंडावर. एका नकाराला दोन पायडलांचा दम लागतो, हे तिला त्या सकाळी कळलं होतं. आणि सकाळपासून तिनं नऊ नकार खर्ची घातले होते.

एकानं पाणी पुढं केलं. एकानं भावाचं गॅरेज कुठं आहे ते सांगितलं. मोटरसायकलवर मागं बसलेल्या एका म्हातारीनं नुसतंच "अगं माय, काऊन हाल करून राह्यली जिवाचे?" असं म्हटलं आणि ती धुरात निघून गेली. उत्तर द्यायचं मनात राहिलं. द्यायचं म्हटलं तर त्याला बावीस वर्षं लागली असती.

धम्मशीलाचं माहेर वरवट बकाल, म्हणजे घाटाखाली. सासर अमडापूर, म्हणजे घाटावर. घाटाखालची माणसं सपाटीची, चढ दिसला की यांचे डोळे फिरतात, असं घाटावरचे म्हणतात. तिच्या सासूनं, जनकाबाईनं, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी म्हणून ठेवलं होतं, आणि सुनेनंही ते दर फेरीला खरं करून दाखवलं होतं. माहेराहून निघालं, एसटी राजूरच्या घाटाला लागली, की पहिल्या वळणावर पोटात कालवायचं, दुसऱ्यावर तोंडाला पाणी सुटायचं आणि तिसऱ्यापासून माथ्यापर्यंत तिचं डोकं पिशवीत. बावीस वर्षांत तिनं हा घाट कधी पाहिलाच नव्हता. घरी पाय ठेवला की सासू तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आली बाप्पा, घाटाखालची."

धम्मशीला उपकेंद्रात नर्स होती. पोलिओचे डोस घेऊन वाड्यावस्त्यांवर सायकलनं हिंडून तिच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. पोरगा, संघर्ष, पुण्याला नोकरीला लागला आणि त्यानं गिअरच्या दोन सायकली घरी धाडल्या, तेव्हा नवऱ्यानं, प्रसेनजितनं, पाच दिवसांचा बेत काढला. तो तहसीलात कारकून. त्यानं बेतही टिपणासारखाच मांडला. माहेराहून निघायचं, रोहिणखेडची जुनी मशीद बघायची, घाट चढून अमडापूर, मग साखरखेर्डा, मग सिंदखेडराजाचा राजवाडा नि काळा कोट, आणि मधल्या वाटेवरच्या जितक्या पडक्या गढ्या दिसतील तितक्या. कलम चारमध्ये घाटापुरता टेम्पो सांगितला होता. धम्मशीलानं बाकी सगळं मान्य केलं आणि कलम चार खोडलं. घाट ती चढणार होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, जमिनीला पाय न टेकता, कोणाचा हात न लागता. मग अमडापूरच्या अंगणात उभं राहून तिला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते तिचं पाठ होतं.

रोहिणखेडला प्रसेनजितनं मशिदीच्या दगडावरची कोरीव अक्षरं बघण्यात दीड तास घातला. ऊन चढलं. ती मनातल्या मनात चरफडत पायथ्याला आली ती आधीच तापून.

आता घाटाची निम्म्याहून जास्त वळणं मागं पडली होती. सागाची वाळकी पानं रस्त्यावर खरडत होती, खाली दरीत उन्हाचा धूर दिसत होता, आणि तिच्या कानात फक्त तिचाच श्वास होता, जात्याच्या घरघरीसारखा, एका लयीत. तेवढ्यात सायकल हलकी झाली.

हलकी झाली म्हणजे पळायलाच लागली. धम्मशीलानं मान वळवली. दुधाच्या कॅना लटकवलेली एक मोटरसायकल तिला खेटून चालली होती, आणि गाडीवरच्या माणसानं आपला डावा पाय लांब करून तिच्या कॅरिअरला लावला होता. सोड, असं ती ओरडली. त्यानं हसून मान डोलावली, आभार मानताहेत असं समजून, आणि अजून वेग दिला. ब्रेक दाबावा तर पडायची भीती. वळण संपलं, दुसरं वळण आलं, तेही संपलं, तेव्हा कुठं त्यानं पाय काढला. धम्मशीला उतरली.

त्याचं नाव कडूबा. रोज दूध घालायला बुलडाण्याला जाणारा, भला माणूस. या घाटात त्यानं आजवर किती जणांना पाय लावला याची मोजदाद नव्हती, आणि आजवर त्याला कोणी शिव्या दिल्या नव्हत्या. धम्मशीलानं दिल्या. कडूबा खाली मान घालून ऐकत राहिला, मग हळूच म्हणाला, "पण बाई, वरतंच तं यायचं होतं ना तुमाले?"

मागून प्रसेनजित सायकल हातात धरून, हाशहुश करत चालत आला. त्यानं तडजोड काढली. कडूबानं जिथं पाय लावला, तिथपर्यंत खाली जावं, तिथून पुन्हा चढावं, हिशेब चोख होतो. खरं तर तेवढंही नको, अमडापुरात कोणाला काय कळणार.

"मले कळन ना," धम्मशीला म्हणाली, आणि सायकल उताराला लावली.

तास लागला वर यायला, दहा मिनिटं लागली खाली जायला. पायथ्याला तिनं पाणी प्यायलं, गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला. या खेपेला प्रसेनजित वरच थांबला होता. वळणावळणावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावतो, असं त्यानं कबूल केलं होतं.

आणि नवल झालं. कोणी काही विचारेना. ट्रॅक्टर आला, तो लांबून वळसा घालून गेला. मोटरसायकली हळू झाल्या. एका ट्रकवाल्यानं तर हॉर्नवरचा हात काढला आणि कपाळाला लावला. नवऱ्याला एवढं समजावता येतं, हे धम्मशीलाला लग्नाला बावीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. तिला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटू लागलं.

माथ्याच्या अलीकडच्या वळणावर कापूस वेचणाऱ्या बायांचा टेम्पो गरम होऊन थांबला होता. धम्मशीला जवळ येताच त्यांतली एक बाई पाण्याची कॅन घेऊन पुढं झाली आणि तिनं सायकलच्या पुढच्या चाकावर धार धरली. सायकल डगमगली. धम्मशीलानं कशीबशी सावरली.

"काऊन?" एवढाच शब्द तिला काढता आला.

"नवसाची हाय ना, बाई," ती बाई शेजारून चालत म्हणाली. "पायी येणाऱ्याचे पाय धुतो आमी. तुमचं चाक धुतलं."

नवस.

धम्मशीलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ट्रकवाल्याचा कपाळाचा हात, लांबून गेलेला ट्रॅक्टर, सगळ्याचा अर्थ लागला. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बावीस प्रतिज्ञा लावलेल्या. संघर्षला गोवर आला होता तेव्हा शेजारणी देवीचं करा म्हणून मागं लागल्या, तर याच जनकाबाईनं त्यांना उंबऱ्यावरून परत धाडलं होतं. आणि त्या घरातला लेक भर रस्त्यात उभा राहून सांगतो, बायकोनं नवस केला!

सांगायला हवं होतं. आत्ता, इथं, या बायांना. पण सांगायला दम हवा, दम घ्यायचा तर थांबायला हवं, थांबलं की पाय टेकला. बाया मागून काहीतरी म्हणायला लागल्या होत्या. त्यांतली एक जुळवून जुळवून गात होती:

*घाटाच्या वळणाला चाक फिरं गरागरा,*
*माय माझी नवसाची, वाऱ्या तिले वाट करा.*

इतकी गोड ओवी आणि इतकी चुकीची. धम्मशीला दात-ओठ खात चढत राहिली. शेवटच्या चढाला मांड्यांत आग पेटली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, नवऱ्यावरचा राग नसता तर ती तिथंच आडवी झाली असती. त्या रागावरच ती माथ्यावर आली, आणि सपाटीला लागल्यावर, रस्त्याच्या कडेला, तिनं पाय टेकला.

तिथं कडूबा नारळ घेऊन उभा होता. शेजारी प्रसेनजित, बुटांकडं बघत. मागून टेम्पोही आला, बाया उतरल्या. कोणत्या देवीचा नवस, कडूबानं विचारलं. नारळ कुठं फोडायचा ते ठरवायला हवं.

धम्मशीला हँडलवर डोकं ठेवून उभी राहिली. श्वास परत यायला वेळ लागला. तो आला तेव्हा तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं.

"दुसरं काही ऐकूनच नव्हते घेत," तो पुटपुटला. "सहज चढून राह्यली म्हटलं, तं हसत होते. मी तरी काय करू?"

"कोन्या देवीचा नाही," धम्मशीला कडूबाला म्हणाली. "आमी बौद्ध हावो. नवस नाही करत. यायले खोटं बोलाची सवय नाही, म्हून बोलले तं असं बोलले."

कडूबानं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

चाक धुणारी बाई पुढं आली. पन्नाशीची, कमरेला कापूस वेचायची झोळी बांधलेली, ओठांवर उन्हानं भेगा पडलेली. "मंग चढली कोनासाठी?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

धम्मशीलाच्या ओठावर सासूचं नाव आलं. ते पाठ केलेलं वाक्यही आलं. पण आत्ता ते खरं वाटेना.

"माह्यासाठी," ती म्हणाली.

बाईनं ते जरा वेळ मनात घोळवलं. मागं वळून बाकीच्यांना सांगितलं, स्वतःसाठीच चढली म्हणते. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, त्याकडं कोणी लक्ष दिलं नाही. कडूबानं कठड्याच्या दगडावर नारळ आपटला आणि भूक तर लागली असेल, खोबरं तर खाल, असं म्हणत सगळ्यांना वाटून टाकला.

खोबरं चघळता चघळता ती बाई सायकलभोवती एक फेरा मारून आली. सीटवर हात फिरवला. लहानपणी भावाची सायकल चोरून नळीखालून पाय घालून चालवायची, असं ती स्वतःशीच बोलली. मग म्हणाली, "मले देता?"

अजून अमडापूर दूर होतं, दुपार टळत होती, आणि नवऱ्याला बोलायचं अर्ध्याहून जास्त बाकी होतं. धम्मशीलानं सुस्कारा सोडला आणि सायकल पुढं केली. बाईनं झोळी सोडून मैत्रिणीकडं फेकली, लुगडं खोचलं, वर बसली. धम्मशीला मागून कॅरिअर धरून चालू लागली. प्रसेनजित आणि कडूबा दोघंही धरायला धावले. तिनं डोळे वटारले तसे जागीच थांबले.

"सोडा आता," बाई म्हणाली.

"पडसान, मावशी."

"पडू द्या ना. हात काढा तुमी."