चित्र क्रमांक एकशे एकतीस

चित्रीकरणाच्या वेळी माझे हात मोकळे होते की पाठीमागे बांधलेले, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. स्मृती माणसाला ऐनवेळी कशी तोंडघशी पाडते हे मी तीस वर्षं मानसशास्त्राच्या वर्गात शिकवलं, तेव्हा माझ्या आठवणींवर माझाच इतरांपेक्षा कमी विश्वास असावा हे ओघाने आलं. पण या एका गोष्टीकडे मी इतक्या वेळा मागे वळून पाहिलं आहे, की आता मला ती गोष्ट आठवते की ते वळून पाहणंच आठवतं, तेही कळेनासं झालं आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यावरून तीनदा परत येणारा मी माणूस. माझं म्हणणं त्या बेतानेच घ्यावं.

निवृत्तीनंतर चित्रपट विभागाने मला विद्यार्थ्यांच्या एका माहितीपट-मालिकेसाठी सल्लागार म्हणून बोलावलं. सहा भाग होते, आणि दर भागात पायी फिरून काम करणारं एक माणूस: टपाल वाटणारा, वीजमीटर वाचणारी बाई, पहारेकरी, असे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला चाळीस सेकंदांची हाताने काढलेली चलत्‌चित्रं यायची होती. त्यांचा आराखडा पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांवर काढून विभागाच्या भिंतीवर टाचलेला असे, आणि मी गेलो की त्यातली दोन-तीन कार्डं तरी जागा बदललेली असत. शेवटी ठरलं ते असं, की एकच आकृती चालत राहील, दर काही पावलांनी तिचे कपडे बदलतील, टपालाची पिशवी जाऊन पहारेकऱ्याची काठी येईल, पण चाल तीच राहील.

"एखादा नट बोलवा चालायला," मी सुचवलं.

"नटाला चाल म्हटलं की तो अभिनय करतो, सर," चित्रं काढणारी मुलगी म्हणाली. तिच्या बाहीवर कायम खोडलेल्या रबराचा चुरा असे, म्हणून सगळे तिला खोडरबर म्हणत, आणि ती ओ देई. "तुम्हीच चाला ना. तुम्हाला आम्ही मागूनही ओळखतो. उशीर झालाय, पण पोचायची इच्छा नाही, असे चालता तुम्ही."

"हिचे मार्क कापा, सर," मालिकेचा दिग्दर्शक म्हणाला. त्याला सगळे कॅप्टन म्हणत.

मी हसलो आणि कबूल झालो. त्यांची पद्धत मला नवीन होती. माणूस चालताना मागून, जरा बाजूने चित्रीकरण करायचं, त्यातल्या प्रत्येक सेकंदातली बारा चित्रं कागदावर छापून घ्यायची, खालून उजेड येणाऱ्या काचेवर ती ठेवायची, वर पातळ कागद पसरायचा आणि रेघेवर रेघ ओढायची. दर कागदाच्या कोपऱ्यात क्रमांक. सेकंदाला बारा म्हणजे पंचवीस सेकंदांच्या चालण्याचे तीनशे कागद. पुढे तेच चालणं पुन्हा वापरून चाळीस सेकंद भरायचे.

दुपारी विभागाच्या लांब कॉरिडॉरमधून मी चाललो. कॅमेऱ्यामागून कॅप्टन म्हणाला, "सर, हात मोकळे सोडा." मी सोडले. म्हणजे, मला वाटतं, सोडले.

आठवड्याने खोडरबरने मला बोलावलं. कागदांची चळत तिने माझ्यासमोर धरून अंगठ्याने सरसर सोडली, आणि नुसत्या रेघांचा एक म्हातारा चालू लागला. तो मीच होतो, यात शंका नव्हती. स्वतःची पाठ आपल्याला कधी दिसत नाही, तरी ती आपली आहे हे कळतं. त्याचा डावा खांदा किंचित खाली होता. डावा हात अंगापासून जरा दूर, मूठ अर्धवट मिटलेली.

"सर, तुम्ही कुणाला धरून चालला होतात?"

"कुणाला धरणार? रिकामा होता कॉरिडॉर."

"तेच म्हणते मी. पण मूठ बघा, आत जागा आहे. एवढी." तिने आपली तीन बोटं जुळवून दाखवली. "लहान मुलाच्या हाताएवढी."

"नातवंडाला फिरवायची सवय असेल," कॅप्टन म्हणाला. मला मूलबाळ नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

"आणि इथे तो हात सुटतो." तिने एक कागद बाजूला काढला. कोपऱ्यात एकशे एकतीस लिहिलं होतं.

"हिसकावून घेतला असेल," मी म्हणालो. हे मी का म्हणालो, ते तोंडातून गेल्यावर मला कळलं.

तिने मात्र ते अगदी गंभीरपणे घेतलं, कारण प्रश्न तिच्या कामाचा होता. "नाही, सर. हिसकावला तर आधी दंड ताणला जातो, मग मनगट ओढलं जातं, बोटं सगळ्यात शेवटी उघडतात. पहिल्याच वर्षी असे हात काढायला लावतात आम्हाला. इथे दंड जागच्या जागी आहे. बोटंच आधी उघडली. हा सोडलेला हात आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "मी माझ्या मनाचं काही घातलेलं नाही हं. छापलेल्या रेघेवर रेघ ओढलीय. चित्रीकरण दाखवू का?"

मी नको म्हणालो.

मी नऊ वर्षांचा असताना धाकट्या भावाला घेऊन कालव्याच्या काठाने वडिलांच्या कचेरीत डबा द्यायला निघालो होतो. तो चार वर्षांचा. डबा माझ्या उजव्या हातात होता आणि त्याचा हात डाव्या. डबा कचेरीत पोचला नाही, घरी परत आला, तसाच भरलेला, आणि धाकटा दुसऱ्या दिवशी दुपारी कालव्याच्या खालच्या दरवाज्यांपाशी सापडला. त्याने हात हिसकावला, असं मी सांगितलं होतं. पासष्ट वर्षं आमच्या घरात हेच वाक्य होतं, आणि आई ते उशाशी घेऊनच गेली.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. जाताना बस चुकवली, दुसरीत चढलो, दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत निघालो. चालताना डावा हात कुठे ठेवावा हे सुचेना म्हणून खिशात घातला. ताई आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत बसली होती.

"अवेळी कसा? गॅस बंद करून आलास ना?" ती म्हणाली.

"ताई, धाकटा गेला तेव्हा मी घरी येऊन काय सांगितलं होतं, नेमक्या शब्दांत?"

तिने वर पाहिलं नाही. बुधवारच्या खणात एक पांढरी गोळी टाकली. "तू काही सांगितलंच नव्हतंस."

"म्हणजे?"

"दारात उभा होतास, डबा घेऊन. सगळे विचारत होते आणि तुझी दातखीळ बसली होती. मग आईच म्हणाली, त्याने हात हिसकावला असेल, हो ना रे? तू मान हलवलीस." गुरुवारचा खण तिने बोटाने चाचपून पाहिला. "आईने मग त्यावर कुणाला बोलू दिलं नाही. मलाही."

सांगायला आलो होतो ते मी सांगितलं नाही. ताई डबी मिटून तशीच बसून राहिली, आणि मला अजूनही वाटतं की ती वाट पाहत होती.

"जेवून जा," शेवटी ती म्हणाली.

"नको, उशीर होईल," मी म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभाग उघडायच्या आधी मी दारात हजर होतो. सल्लागार म्हणून माझा शब्द अखेरचा होता, आणि तो मी तेवढ्या एकाच वेळी वापरला. खोडरबरला सांगितलं, की आकृतीचे हात पाठीमागे बांधलेले दाखव, सगळ्या चित्रांत.

"मग ही तुमची चाल राहणार नाही, सर."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ती म्हणाली. पण तिने काढली, तीनशेच्या तीनशे, यावेळी खाली काही न ठेवता, मनाने. जुनी चळत तिने माझ्यासमोर कपाटात टाकली. मालिका झाली, दाखवली गेली, सुरुवातीच्या चाळीस सेकंदांचं कौतुक झालं. खोडलेल्या हातांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ताईकडे मी त्यानंतर दर रविवारी जात होतो. गोळ्या, पाणी, शेजाऱ्यांचं भांडण, सगळ्यावर बोलणं होई. पाच वर्षांनी ती गेली, आणि ज्याला सांगायचं असं माझं कुणी उरलं नाही.

पुढच्या वर्षी विभाग नव्या इमारतीत हलला. खोडरबर तोवर तिथेच शिकवू लागली होती. जुनं सामान आवरताना तिला ते मूळ चित्रीकरण सापडलं, आणि तिने मला पाठवलं. सोबत दोनच ओळी होत्या: "सर, ती जुनी चळत कपाटात आहे, आत्ताच पाहिली. आणि हे मी आज दहा वेळा पाहिलं. तुम्ही एकदा पाहा आणि मला फोन करा."

मी तिला अजून फोन केलेला नाही. चित्रीकरण मात्र पाहिलं, भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, घड्याळ समोर घेऊन. पंचवीस सेकंदांचंच आहे. रिकाम्या कॉरिडॉरमधून मी चालतो आहे, आणि पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत माझे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले आहेत, बोटांत बोटं गुंतवून, घट्ट. ती कुठेही सुटत नाहीत. डावा खांदा तेवढा किंचित खाली आहे, आणि अकरावा सेकंद भरता भरता, एकशे एकतिसाव्या चित्राच्या जागी, तो अलगद वर येतो.