पंधरा अंशांचं कपाट

साहेब, बरणी हलवून बघितलीत, आत नुसतं पाणी दिसलं आणि माझी वीज बंद करायचा हुकूम दिलात. भिंग डोळ्याला लावायचे कष्ट काही घेतले नाहीत. हा तुमचा अपराध आहे आणि तो मी चारचौघांत सांगणार.

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतलं एक जुनं थंड कपाट आहे. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. लोक दार उघडून माझ्या गारव्यात तोंड घालायचे, "वा!" म्हणायचे. मग दाराचं रबर फाटलं, पोटात घरघर सुरू झाली. "म्हातारा घोरतोय," म्हणत लोकांनी माझ्या डोक्यावर अडगळ रचली. इथं संशोधन करणाऱ्या एकट्या बाईंनी मला टाकलं नाही. सायकलची ट्यूब कापून त्यांनी माझ्या दाराला चिकटवली. "आजोबा, पंधरा अंश धरून ठेवा, बाकीचं मी बघते," असं त्या म्हणायच्या.

माझ्या बरण्यांत तळ्यातल्या पाणपिसवा आहेत. टाचणीच्या टोकाएवढा जीव! त्या शेवाळ खातात आणि खाल्लेलं अंगात मुरतं. नायट्रोजनचे दोन भाऊ असतात, एक हलका, एक जड. तळ्यात सांडपाणी मिसळलं की शेवाळात जड भाऊ वाढतो, तिथून तो पिसवांच्या अंगात जातो. आपल्या तळ्यात तो वाढलेला सापडला. बाईंनी वर कळवलं. साहेब म्हणाले, "सांडपाणी कुठलं? यंदा पाणी तापलंय, त्याचा परिणाम."

पाणी तापलं तरी हे प्रमाण हलतं, खोटं कशाला बोलू? पण किती हलतं? ते शोधायला बाईंनी काही पिसवा मला दिल्या, काही शेजारच्या उबदार कपाटाला. खाणं दोन्हीकडे एकच. म्हणजे जो फरक पडेल तो उष्णतेचा. तो वजा केला की सांडपाण्याचा वाटा उघडा पडेल. अख्खी वस्ती तेच पाणी पिते, मित्रांनो.

आज सुट्टी लागली. वीज वाचवायला वायरमन आला.

"दादा, हात लावू नका! आत जीव आहेत."

"कुठं आहेत, मॅडम? साहेब म्हणाले, पाणी आहे. पाणी काय नासतंय होय?"

"आणि साहेबांच्या खोलीतला एसी?"

"तो बंद केला तर उद्यापासून मीच बंद," तो म्हणाला आणि त्यानं आम्हा दोघांचेही खटके पाडले.

बाईंनी मासळीवाल्याकडून बर्फ आणून माझ्या पोटात कोंबला आणि त्या साहेबांच्या दाराशी जाऊन बसल्या. आत एसी चालू आहे, दार बंदच आहे. बर्फ वितळून माझ्या पायाशी ओघळतोय. सोळा. अठरा. एकवीस. शेजारी निवतोय, मी तापतोय. थोड्या वेळात आम्ही दोघं सारखे होऊ आणि मग मोजायला काहीच उरणार नाही. ओरडावं तर आता घरघरही उरली नाही.

मित्रांनो, घोरणाऱ्या यंत्राचा खटका पाडण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, एवढं तरी विचारत जा.

आणि साहेब, दार उघडा. बाईंच्या तोंडावर सांगा, त्या तळ्याचं पाणी तुमच्या लेकराला पाजाल का? हो की नाही?